पुढच्या चाकातली हवा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो आणि मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होतो. भांडण जुनंच होतं. आदल्या रविवारी कानळद्याच्या रस्त्यावर माझ्या सायकलचं मागचं टायर फुटलं होतं, आणि ते हवा जास्त झाल्यामुळे नाही तर टायरच जुनं असल्यामुळे फुटलं, हे दाजींना कसं पटवून द्यायचं याची मी तयारी करत होतो. फोन धुळ्याहून होता, अक्काच्या शेजारच्यांचा. ते म्हणाले, दाजी गेले. मी विचारलं, कुठे? सकाळची वेळ, उन्हाळ्याचे दिवस, दाजी उजाडता उजाडता सायकल काढून कुठेतरी जाणारच, त्यात सांगण्यासारखं काय आहे… असंच मला वाटलं. पलीकडचे गृहस्थ गप्प झाले. त्या गप्प होण्यातून मला कळलं. पण कळलं म्हणजे नक्की काय कळलं, हे मला आज काही आठवड्यांनंतरही धड सांगता येत नाही. वैशाखातल्या त्या सकाळपासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला आहे तो कागदावर उतरवला तर थोडा आवरेल, एवढ्याच आशेनं हे लिहितो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव मधुकर. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, निवृत्त होऊन धुळ्यात देवपुरात राहत होते. मी जळगावात चष्म्याचं दुकान चालवतो. माझा धंदा नंबरांचा आहे. पाऊण म्हणजे पाऊण, त्यात उगीच एक सांगून चालत नाही, गिऱ्हाईक जिन्यावरून पडेल. दाजींचा सगळा जन्म पाण्यात गेला, म्हणजे कालव्याच्या पाण्यात, आणि पाणी कुठल्या दिवशी किती सोडायचं हे शेवटी पाऊस, पीक आणि शेतकऱ्यांचा आवाज पाहून ठरतं, असं ते म्हणायचे. त्यामुळे आमचं कधी जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणूनच बहुधा इतकं जमलं. मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. दाजी म्हणाले, चालून काय करतोस, सायकल घे. त्यांनी स्वतः निवृत्तीनंतर एक गिअरची सायकल घेतली होती, जरा रुंद टायरची. तशीच मीही घेतली, आणि साठीच्या उंबरठ्यावरचे आम्ही दोन मेहुणे खानदेशातल्या रस्त्यांवर घाम गाळू लागलो. अक्का म्हणायची, या वयात शोभतं का हे… पण दोघांच्या डब्यात दशम्या बांधून द्यायची.

आमच्याकडे सायकलच्या हवेबद्दल एकच मत आहे आणि ते सर्वांचं आहे. टायर दगडासारखं पाहिजे. लहानपणापासून आपण हवा भरून झाली की अंगठ्यानं चाक दाबतो, अंगठा आत गेला नाही की खूश होतो. माझंही तेच मत होतं. पहिल्यांदा आम्ही जळगावहून जामनेरला निघालो तेव्हा मी टायरवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा गाठेपर्यंत पंप मारला होता. रस्त्याचं काम चालू होतं. अर्ध्या वाटेवर डांबर उखडून खडी पसरून ठेवलेली. माझी सायकल प्रत्येक खड्यावरून उडत होती, हाताला मुंग्या आल्या, दात वाजायला लागले, आणि दाजी मात्र बैलगाडीत बसल्यासारखे शांतपणे माझ्या पुढे निघून गेले. पुढे एका बाभळीखाली माझी वाट बघत बसले होते. मी पोहोचलो तर त्यांनी उठून माझ्या पुढच्या चाकावर अंगठा ठेवला आणि विचारलं, “तू हवा भरस का दगड भरस?” मग माझी परवानगी न घेता व्हॉल्वची टोपी काढून त्यांनी फुस्स करून हवा सोडली. मला राग आला. पैसे देऊन नाही, पण घाम गाळून भरलेली हवा होती ती. पुढचे काही मैल मी मुद्दाम बोललो नाही, पण हात सुन्न व्हायचे थांबले होते हे मला नाकारता येईना.

त्यांचं म्हणणं असं होतं. गुळगुळीत रस्ता असेल, म्हणजे हायवेचं काँक्रीट, तर कडक टायर बरं, ते पळतं. पण खडी आली की कडक टायर प्रत्येक खड्यावर तुम्हाला वर उचलतं, आणि तुम्हाला उचलायला लागणारी ताकद तुमच्याच पायातून जाते. थोडी हवा कमी असली की टायर खडा गिळून टाकतं. कालव्याच्या मुरमाच्या वाटेला आणखी कमी. नदीच्या रेतीत तर इतकी कमी की टायर खाली पसरलं पाहिजे, नाहीतर रुततं. पुढच्या चाकात नेहमी मागच्यापेक्षा कमी, कारण आपलं वजन मागे असतं. उन्हाळ्यात सकाळी भरताना जरा हात राखून, कारण दुपारी उन्हानं आतली हवा तापते आणि वाढते. हे सगळं मला पटलं. पण मी विचारायचो, नंबर सांगा. साठ? पन्नास? चाळीस? दाजी हसायचे. “पहिले रस्ता दखाड, मंग सांगस.” अरे, रस्ता दाखवायला मी तिथे जाऊन पोहोचलो असेन ना… मग घरून निघताना काय भरू? यावर त्यांचं उत्तर होतं की घरून निघताना कडक भरायचं आणि जसजसा रस्ता येईल तसतसं सोडायचं, कारण सोडणं सोपं असतं, वाटेत भरणं अवघड. म्हणून ते रोज निघताना आधी दाबाचा काटा असलेल्या मोठ्या पंपानं पुरती हवा भरायचे आणि मग कुठे जायचं आहे त्याप्रमाणे ओट्यावरच उभं राहून सोडायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, हा माणूस हवा भरतो कशाला आणि सोडतो कशाला. ही त्यांची रीत लक्षात ठेवायची आहे, कारण माझा आजचा सगळा गोंधळ तिच्यातूनच निघाला आहे.

आणि हा माणूस चुकायचाही. पाचोऱ्याला जाताना त्यांनी आदल्या आठवड्याच्या आठवणीवर विसंबून इतकी हवा सोडली की पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं, रिम थेट टेकली आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. आम्ही निंबाखाली बसून पॅच लावले. मी अर्थातच संधी सोडली नाही. म्हटलं, दाजी, साहेबांचा रस्ता बदलला वाटतं. ते पॅचवर फुंकर मारत म्हणाले की रस्ता तोच होता, मीच गेल्या आठवड्यातला रस्ता डोक्यात घेऊन निघालो. चूक कबूल करताना त्यांना कधी जड जायचं नाही. नवं काही दिसलं की जुनं मत ते चप्पल काढावी तसं दाराबाहेर काढून ठेवायचे. सगळं गाव एक म्हणतंय म्हणून तसंच करायचं, हे त्यांच्यात नव्हतं. निदान मला इतकी वर्षं असंच वाटत होतं.

आता नरडाण्याचं सांगायला हवं. दाजींची एकुलती एक मुलगी मनीषा नरडाण्याला दिलेली. जावई तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, सज्जन माणूस. धुळ्याहून हायवेनं गेलं की सोनगीर ओलांडून पुढे नरडाणा. सायकलला सरळ, गुळगुळीत रस्ता. एकदा मी धुळ्याला मुक्कामी असताना आम्ही दोघे सकाळी तिकडे गेलो. दाजींनी टायर चांगलं टणक ठेवलं होतं आणि सायकलला दोन बाटल्या पाणी लावलं होतं. एवढ्याशा अंतराला दोन बाटल्या कशाला, असं मी विचारलं तर त्यांनी बाटल्यांची झाकणं घट्ट केली. मनीषानं पोहे केले, चहा ठेवला. दाजी पडवीतल्या खुर्चीवर बसले, मुलीशी गोड बोलले, जावयांच्या मोटारसायकलची चेन पाहून दिली, आणि तहान लागली तेव्हा उठून सायकलपाशी गेले आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. पोह्यांची ताटली तशीच. मनीषानं ती माझ्याकडे सरकवली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी दोन्ही ताटल्या संपवल्या आणि साखर असूनही चहा दोनदा घेतला.

रीत माहीत नव्हती असं नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापांनी खायचं नाही, ही गोष्ट आपल्याकडे घराघरात होती आणि कुठे कुठे अजून आहे. पण आता ती बहुतेकांनी हसून सोडून दिली आहे. आणि दाजींसारख्या माणसानं ती धरून ठेवावी? परतीच्या वाटेवर मी त्यांना बरंच सुनावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, पोरगी दवाखान्यांच्या वाऱ्या करून दमली आणि तुम्ही बाटलीतलं पाणी पिता… तुमची अक्कल फक्त टायरपुरती आहे का. ते सोनगीरच्या अलीकडे एका टपरीवर थांबले. चहा माझ्या हातात दिला, स्वतः घेतला नाही. मग म्हणाले, “मना बापनी मनी बहीणना घर पानी बी पिदं नही. मी वर जाईसन त्याले काय सांगू?” हे ते गमतीनं म्हणत नव्हते. मला वाटलं होतं ते वाद घालतील, आकडे देतील, नेहमीसारखं मला हरवतील. वर जाऊन बापाला काय सांगू… मी चहा प्यायलो.

संक्रांतीच्या सुमारास मनीषानं त्यांना फोन केला. हे मला अक्कानं सांगितलं. तिनं शांतपणे सांगितलं की आता आम्ही दोघांनी दवाखाने थांबवले आहेत, मूल होणार नाही हे आम्ही मान्य केलं आहे. म्हणजे तुमच्या रीतीप्रमाणे तुम्ही माझ्या घरी आता कधीच जेवणार नाही. तर पप्पा, पुढच्या वेळी याल ते जेवायला या. नाहीतर येऊ नका. त्यानंतर त्यांनी नरडाण्याचा रस्ता सोडला. पांझरेच्या कडेनं, कालव्याच्या वाटेनं, कच्च्या रस्त्यांनी हिंडायला लागले. मला फोनवर नवे नवे शोध सांगायचे, मुरमावर पुढच्या चाकात अमुक एवढीच हवा पाहिजे, काल मागच्या चाकात जास्त ठेवून बघितली. मी विचारायचो, मनीषा कशी आहे. ते म्हणायचे, बरी असेल. बाप मुलीबद्दल ‘असेल’ म्हणतो तेव्हा समोरच्यानं काय करावं, हे कुणी मला शिकवलेलं नाही.

त्या सकाळी असं झालं. अक्का आत पोळ्या लाटत होती. दाजींनी सायकल ओट्यावर काढली, पंप काढला, पंपाचा आवाज अक्कानं ऐकला. मग आवाज थांबला. तिनं बाहेर येऊन पाहिलं तर ते पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, दम खात असतील असं तिला वाटलं. हाक मारली, दुसरी हाक मारली… डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं. मी जळगावहून पोहोचलो तोवर ऊन माथ्यावर आलं होतं. ओट्यावर माणसं, चपला, आणि कडेला उन्हात ती सायकल, तिच्या मुठीला अडकवलेलं हेल्मेट, बाजूला पंप. मी आत अक्काकडे जायच्या आधी थांबलो आणि वाकून पुढच्या चाकावर अंगठा दाबला. का, ते विचारू नका. आम्ही दोघे भेटलो की पहिलं तेच करायचो, एकमेकांच्या चाकावर अंगठा. चाक कडक लागलं. मग मी आत गेलो, आणि दाजींना पाहिलं, आणि पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. मी ढसाढसा रडलो असं लोक म्हणतात. रडलो असेन.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. अक्का मला म्हणाली, चल ओट्यावर. सायकल तिथेच होती, कुणी हलवली नव्हती. ती पायरीवर बसली, बरोबर त्यांच्याच जागी, आणि म्हणाली, “तुले माहीत शे ना त्यास्नी हवानी रीत. मंग सांग, कोठे जावाना इचार व्हता त्यास्ना?” दाजी तिला रोज सांगून जात. त्या दिवशी सांगितलं नव्हतं. आणि ती जे विचारत होती ते मला लगेच समजलं. कडक हवा म्हणजे हायवे. हायवे म्हणजे नरडाणा. नरम हवा म्हणजे कालवा, म्हणजे रोजचंच. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेव्हापासून ते उघडंच आहे म्हणा ना. कडक होतं, असं सांगणार तेवढ्यात आठवलं की दाजी आधी नेहमी कडकच भरायचे आणि मग सोडायचे. सोडायच्या आधीच जर छातीत कळ आली असेल तर? मग कालव्याला जायचं असलं तरी चाक कडकच लागणार. बरं, सोडून झालं असेल तर? मी दाबलं ते दुपारी, उन्हात तापलेलं. सकाळी ते जरा नरमही असेल. किती नरम? चष्म्याचा नंबर मी काचा बदलून बदलून काढतो, इथे तर फक्त एक अंगठा होता.

मी खाली वाकून चाक पुन्हा दाबलं. पूर्ण बसलं होतं. फिरवून पाहिलं तर रबरात सराट्याचा एक बारीक काटा अडकलेला, त्यातून हळूहळू हवा गेली असणार. म्हणजे सकाळी हवा मला दुपारी लागली त्याहून जास्त असेल. काटा लागला कुठे? हायवेवर सराटे नसतात, कालव्यावर असतात. पण तो आदल्या दिवशीचा असू शकतो… मागचं चाक दाबायचं मला त्या दिवशी सुचलंच नव्हतं, अंगठा सवयीनं पुढेच गेला. अक्कानं मध्येच सांगितलं की पाण्याच्या बाटल्या सायकलला लावलेल्या नव्हत्या, दोन्ही मोरीजवळच्या फळीवर पालथ्या घातलेल्या होत्या, कोरड्या. मी म्हटलं, म्हणजे ते पाणी न घेता निघाले होते? न घेता म्हणजे तिथेच पिणार होते? अक्का म्हणाली, किंवा हवा झाल्यावर भरणार होते. बाटल्या ते शेवटीच भरायचे, पाणी गार राहतं म्हणून. आम्ही दोघे भाऊबहीण एका सायकलीपुढे बसून कोर्टात बसल्यासारखे पुरावे मांडत होतो आणि प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंनी बोलत होता. दाजी असते तर त्यांना हे फार आवडलं असतं. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. माणसानं जाताना निदान रस्ता सांगून जावं.

दोन-चार दिवसांनी मी जळगावला परतलो आणि मनीषाचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी बाहेर येऊन फोन घेतला. ती म्हणाली, “मामा, त्या दिवशी तुम्ही आत यायच्या आधी चाक दाबलं होतं. मी दारातून पाहिलं. पप्पा माझ्याकडे निघाले होते का?” आवाज अगदी नेहमीचा होता, भाजी काय केली विचारावं तसा. हो म्हणायला काय लागतं. एक शब्द. कडक होतं हे तर खरंच आहे, तेवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. पण पोरगी अभियंत्याची, बापाची सगळी रीत तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं उलट प्रश्न विचारला असता, सोडायच्या आधी की नंतर? आणि तो तिनं आज विचारला नसता तर पुढे कधीतरी एकटी असताना स्वतःला विचारला असता. मी तिला सगळं सांगितलं, ऊन, काटा, बाटल्या, सगळं, आणि शेवटी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “मामा, गिऱ्हाइकाला नंबर असाच सांगता का?” आणि फोन ठेवला. ती रागावली होती की रडत होती की मला चिडवत होती, हे मला कळलं नाही. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं.

मी अक्काला फोन केला. मला सल्ला हवा होता, की पोरीला खोटं सांगावं का. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू ये, आपल्याला नरडाण्याला जायचं आहे. मी धुळ्याला गेलो तर घरात दाजींचे थोरले भाऊ, नाना, येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं होतं की सव्वा महिना झालेला नाही, बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि ओलांडायचाच तर मुलीच्या घरी तर नाहीच, तिथे जाऊन पाण्याचा पेच पडेल. नाना वाईट माणूस नाहीत. भावाच्या मागे त्याची रीत तरी नीट राहावी, एवढंच त्यांना वाटत होतं. मी मध्ये पडणार तेवढ्यात अक्कानं पदर सावरला. माझी ही बहीण दाजींच्या पाठीमागे इतकी वर्षं शांत चालली. नरडाण्याला जाताना ती स्वतःचा डबा न्यायची आणि तो मुलीच्या पडवीत बसून खायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मला वाटायचं तिलाही हे पटलेलं आहे. ती नानांना म्हणाली, “ती त्यास्नी रीत व्हती. मनी कोनी इचारी नही.” नाना उठून खिडकीपाशी गेले. मलाही खाली बघावं लागलं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

आम्ही एसटीनं गेलो. खिडकीबाहेर तोच हायवे, गुळगुळीत, सरळ, ज्यावर सायकलला टणक हवा लागते. सोनगीर गेलं. मी मनात पुन्हा हिशेब मांडत होतो, ऊन, काटा, बाटल्या, आणि पुन्हा कुठेच पोहोचत नव्हतो. अक्काच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात डबा आहे का ते मी चोरून पाहिलं. डबा नव्हता. मनीषानं दार उघडलं आणि आईला पाहून ती बाजूला झाली. जावई कामावर होते. तिनं सवयीनं आईसाठी खुर्ची पडवीतच मांडली. अक्का खुर्चीशेजारून पुढे गेली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भिंतीला टेकून खाली बसली. मनीषा दारात उभी राहिली. मग तिनं आईला तोच प्रश्न विचारला जो मला विचारला होता, पप्पा येत होते का. मला वाटलं आता तरी अक्का हो म्हणेल, तिला म्हणायचा हक्क आहे, ती बायको आहे, तिनं म्हटलं तर ते खरं होईल. अक्का म्हणाली, “माले नही माहीत, बाई. पन मी उनू ना.” ती आली होती, एवढं मात्र खरं होतं.

मनीषानं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. अक्कानं फुलपात्र भरून घेतलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सगळं प्यायली. मनीषानं पानं वाढली. उडदाची डाळ, ज्वारीची भाकरी, गवारीची भाजी, कांदा. डाळीत मीठ कमी होतं, मी बोललो नाही. ती वाढून बसली नाही, भाकरीची टोपली धरून उभीच राहिली, परीक्षेला बसल्यासारखी, आणि आईच्या हाताकडे बघत राहिली. दाजी गेल्यापासून अक्का अर्ध्या भाकरीच्या वर जेवली नव्हती. इथेही ती हळूहळू जेवली, आणि तिच्या पानातली भाकरी संपली. मी म्हणणार होतो की आता पुरे कर, त्रास होईल. तेवढ्यात तिनं वर न बघता ताट पुढे सरकवलं आणि आणखी मागितली, “आखो अर्धी वाढ.”

मनीषानं अख्खी वाढली. अक्कानं तिच्यातली अर्धी मोडून परत टोपलीत टाकली नाही.